‘कोणते गाव चांगले?’ या प्रश्नाचे अपुरे उत्तर: उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांच्या कार्यकारिणी आणि सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

भारतातून नव्याने येणारे किंवा नोकरी बदलून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारे मराठी कुटुंब सर्वांत आधी आपल्याच माणसांना विचारते, की राहायला कोणते गाव चांगले. आपण सगळेच त्याला तत्परतेने उत्तर देतो. शाळेला दहापैकी किती गुण आहेत, रेल्वे स्टेशन किती मिनिटांवर आहे, भारतीय किराण्याचे दुकान कुठे आहे, घराचा कर किती पडतो, हे सारे आपल्याला तोंडपाठ असते. ज्यांच्या मुलाला ऑटिझम (स्वमग्नता), एडीएचडी (अवधान टिकवण्यातील अडचण व अतिचंचलता) किंवा डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातील अडचण) आहे त्यांना मात्र हे उत्तर पुरत नाही, कधीकधी ते त्यांना चुकीच्या गावात नेऊन सोडते; आणि ज्या पालकांना पुरे उत्तर ठाऊक आहे ते मंडळाच्या ग्रुपवर गप्प राहतात. मीही कित्येक वर्षे गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची किंमत नव्याने येणाऱ्या कुटुंबांना मोजावी लागते, हे आता मला स्पष्ट दिसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि तो ऑटिस्टिक आहे. मुलगी नऊ वर्षांची असून तिला एडीएचडी आणि डिस्लेक्सिया दोन्ही आहेत. आठ वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून मध्यपश्चिमेतील एका राज्यात आलो आणि चार वर्षांपूर्वी तेथून न्यू जर्सीत आलो. पहिल्या वेळी आम्ही तेच केले जे सगळे करतात. संकेतस्थळावर दहापैकी दहा गुण असलेली प्राथमिक शाळा शोधली, तिच्या हद्दीत घर घेतले आणि निश्चिंत झालो. शाळेतील मंडळी अतिशय सभ्य होती. मुलगा वर्गातून उठून दाराशी जाऊन उभा राहतो, दुपारच्या सुट्टीत कोपऱ्यात बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो, हे शिक्षिका मला दर आठवड्याला सांगत असत, आणि मी दर वेळी त्यांना म्हणत असे की त्याची तपासणी करून घेऊ या. त्या ‘हो, बघू या’ म्हणत. असे सात महिने गेले. अखेर एका अनोळखी बाईंनी ग्रंथालयात मला सांगितले की तोंडी विनंतीने मुदतीचे घड्याळ चालू होत नाही. मुलाच्या मूल्यमापनाची मागणी तारीख घालून लेखी द्यावी लागते. त्याच रात्री मी चार ओळींचा ईमेल पाठवला आणि दोन आठवड्यांत संमतीपत्र घरी आले. माझ्या मुलाचे सात महिने चार ओळींच्या अज्ञानापायी गेले, आणि त्याच गावात मराठी कुटुंबे काही कमी नव्हती.

त्या दहापैकी दहा गुणांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपली सगळी चर्चा त्या आकड्याभोवतीच फिरते. हे गुण मुख्यत्वे राज्याच्या परीक्षांतील निकालांवरून काढलेले असतात, आणि ते निकाल त्या वस्तीतील कुटुंबांच्या उत्पन्नाशी व शिक्षणाशी घट्ट बांधलेले असतात. शाळेत विशेष शिक्षक किती आहेत, वाचा-उपचार करणारी व्यक्ती आठवड्यातून किती दिवस येते, वर्गात गोंधळलेल्या मुलाला शिक्षा होते की आधार मिळतो, यातले काहीच त्या आकड्यात दिसत नाही. उलट, अत्यंत उंच निकाल असलेल्या काही शाळांमध्ये आमच्यासारख्या मुलांचा अनुभव कमी आणि स्पर्धा अधिक असते. दहापैकी सहा गुण असलेल्या पण सर्व तऱ्हेची मुले वर्षानुवर्षे सांभाळलेल्या शाळेत माझी मुलगी आज आनंदाने जाते. कमी गुणांची शाळा चांगली असते असा काही नियम नाही. आमच्या कामाची माहिती तो आकडा देत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

आता कायद्याची बाजू. ती प्रत्येक मराठी घरात माहीत असायला हवी. अमेरिकेच्या संसदेने १९७५ साली अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला. आज तो ‘आयडिया’ या नावाने ओळखला जातो. त्यानुसार तीन ते एकवीस वर्षे वयोगटातील पात्र मुलाला योग्य ते सार्वजनिक शिक्षण विनामूल्य देणे ही शाळेची जबाबदारी आहे, आणि त्यासाठी प्रत्येक मुलाचा स्वतंत्र लेखी आराखडा, म्हणजे आयईपी, करावा लागतो. पात्रतेचे तेरा प्रकार आहेत. ऑटिझम हा त्यांपैकी एक, डिस्लेक्सिया अध्ययन अक्षमतेच्या प्रकारात येतो, आणि एडीएचडी ‘इतर आरोग्यविषयक अडचण’ या प्रकारात बसू शकतो. ज्या मुलाला विशेष शिक्षण लागत नाही पण परीक्षेत जादा वेळ किंवा पुढच्या बाकाची जागा लागते, त्याच्यासाठी १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ आहे. देशातील सार्वजनिक शाळांतील सुमारे पंधरा टक्के मुले आज ‘आयडिया’खाली सेवा घेतात, त्यामुळे यात लाज वाटण्यासारखे किंवा विशेष मेहेरबानी मागण्यासारखे काही नाही. १९८२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे मुलाचा व्हिसा कोणता आहे यावरून शाळा त्याला प्रवेश नाकारू शकत नाही, हेही आपल्या एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या, कुटुंबांना सांगण्याची गरज आहे. ‘शाळेत नोंद झाली तर ग्रीनकार्डाला अडचण येईल का’ असे मला किमान सहा जणांनी खाजगीत विचारले आहे, आणि त्यातील दोघांनी या भीतीपोटी मुलाचे निदान वर्षभर शाळेला कळवलेच नव्हते.

कायदा देशभर एकच असला तरी त्याची अंमलबजावणी गावागणिक बदलते, आणि म्हणूनच आमच्यासाठी गावाची निवड इतकी महत्त्वाची ठरते. टेक्सासचे उदाहरण सर्वांना ठाऊक असावे. तेथे २००४ पासून राज्याच्या शिक्षण खात्याने विशेष शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण साडेआठ टक्क्यांहून अधिक नसावे असा मापदंड ठेवला होता. २०१६ साली ह्यूस्टनच्या एका वृत्तपत्राने हे उघडकीस आणले आणि जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय शिक्षण विभागाने राज्याने कायदा मोडल्याचा निष्कर्ष काढला. त्या काळात तेथे राहायला गेलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांना आपल्या मुलाला सेवा का नाकारली जाते याचे कारण कळले नसेल, आणि त्यांनी दोष स्वतःकडे किंवा मुलाकडे घेतला असेल, या विचाराने आजही मन विषण्ण होते.

राज्य बदलताना काय होते तेही सांगते. चालू शैक्षणिक वर्षात मूल आयईपीसह दुसऱ्या राज्यात गेले, तर नव्या डिस्ट्रिक्टने, म्हणजे तिथल्या सार्वजनिक शाळांचा कारभार पाहणाऱ्या यंत्रणेने, पालकांशी विचारविनिमय करून जुन्या आयईपीशी तुल्य अशा सेवा ताबडतोब सुरू करायच्या असतात. त्यानंतर गरज वाटल्यास ते स्वतःचे मूल्यमापन करून नवा आयईपी तयार करू शकतात. ‘तुल्य’ या एका शब्दावर सगळी ओढाताण होते. मूल्यमापनाच्या मुदती राज्याराज्यांत वेगळ्या आहेत. केंद्राचा नियम संमतीपासून साठ दिवसांचा आहे, पण राज्य आपली मुदत ठरवू शकते. न्यू जर्सीत लेखी विनंती मिळाल्यापासून वीस दिवसांत बैठक व्हावी लागते, आणि संमती दिल्यापासून नव्वद दिवसांत मूल्यमापन, पात्रता आणि आयईपीची अंमलबजावणी इथपर्यंत सारे व्हावे लागते. भारतातून थेट येणाऱ्या मुलाकडे आयईपी नसतोच. त्याच्या पुण्या-मुंबईच्या अहवालांचा विचार शाळेने करायचा असतो, पण मूल्यमापन शाळा स्वतःच करते. म्हणून निघण्यापूर्वी सर्व अहवाल, उपचारांच्या नोंदी आणि शाळेतील शिक्षकांचे पत्र इंग्रजीत, तारखांसह, सामानाच्या पेटीत न टाकता हातातल्या बॅगेत आणावे. आमचे सामान समुद्रमार्गे आले आणि त्यातील फाईल आमच्या हाती तीन महिन्यांनी पडली.

त्यात नोकरीची अनिश्चितता आहेच. नोकरी गेलेल्या एच-वन-बी धारकाला नवीन नोकरी शोधण्यासाठी जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. नोकरी जिथे मिळेल तिथे जावे लागते, आणि मग घर, शाळा, मुलांचे उपचार यांचा निर्णय दोन-तीन आठवड्यांत उरकावा लागतो. अशा वेळी त्या आई-वडिलांना पन्नास संकेतस्थळे चाळायला वेळ कुठून असणार? त्यांना फोन उचलून ‘तुमच्या गावात तुमच्या मुलाचा अनुभव काय’ असे विचारता येईल असे माणूस हवे असते, आणि ते माणूस आपल्याच मंडळात असते, फक्त कोणाला माहीत नसते.

मला ते माणूस योगायोगाने भेटले. न्यू जर्सीत आम्ही तात्पुरते राहत होतो आणि कायमचे घर शोधत होतो, तेव्हा मंडळाच्या गणेशोत्सवाला गेलो होतो. उत्सव एका हायस्कूलच्या सभागृहात होता. ढोल-ताशाचे पथक उभे राहिले, पहिला ठोका पडला आणि माझ्या मुलाने दोन्ही हात कानांवर दाबून दाराकडे धाव घेतली. मी त्याच्या मागे बाहेरच्या लांब बोळात आले. तेथे पाण्याच्या नळाशेजारी, नऊवारी नेसलेली एक बाई फरशीवर मांडी घालून बसली होती. तिच्या शेजारी सहा-एक वर्षांचा मुलगा होता, त्याच्या कानांवर मोठे निळे हेडफोन होते आणि समोर कागदी द्रोणात उकडीचा मोदक होता. तो मोदकाची पारी तेवढी खात होता आणि सारण बोटाने काढून द्रोणाच्या कडेला नीट लावून ठेवत होता. तिने माझ्या मुलाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, ‘ताई, तुमचाही का?’

मी तिच्या शेजारी बसले. आतली आरती आम्हा दोघींच्याही वाट्याला आली नाही, पण त्या चाळीस मिनिटांत मला जे कळले ते चार महिन्यांच्या शोधात कळले नव्हते. तिने सांगितले की घरासमोरच्या शाळेत तुमचे मूल जाईलच असे नाही, कारण बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये ऑटिझमचा वर्ग एखाद्याच इमारतीत असतो. तेव्हा वर्ग कुठे भरतो, पाचवीनंतर तो कुठे जातो आणि बसमध्ये मुलाला किती वेळ बसावे लागते हे आधी विचारा. न्यू जर्सीत प्रत्येक डिस्ट्रिक्टला विशेष शिक्षणासाठी पालकांचा सल्लागार गट ठेवावा लागतो, त्या गटाच्या बैठकीला घर घेण्याआधी जाऊन बसा. शेजारच्या एका गावात तिच्या नात्यातल्या मुलाला रोज जाऊन-येऊन दीड तास व्हॅनमध्ये काढावा लागे, हेही तिने सांगितले, आणि मग स्वतःच्या गावातील वर्गाबद्दल, तिथल्या शिक्षिकांबद्दल, काय चांगले आणि काय नाही ते मोकळेपणाने सांगितले. आम्ही त्याच गावात एक वर्षासाठी भाड्याने घर घेतले. वर्षभर शाळा पाहिली, मगच विकत घेण्याचा विचार केला, आणि हा क्रम मी आता सर्वांना सुचवते.

त्या बोळात मिळालेल्या माहितीत मी नंतर थोडी भर घातली आहे. प्रत्येक राज्य दरवर्षी डिस्ट्रिक्टनिहाय माहिती प्रसिद्ध करते, आणि विशेष शिक्षण घेणारी किती टक्के मुले दिवसाचा ऐंशी टक्के किंवा त्याहून अधिक वेळ सर्वसाधारण वर्गात असतात, किती मुले शिक्षण पूर्ण करतात, हे त्यात दिसते. प्रत्येक राज्यात केंद्राच्या निधीतून चालणारे पालक-माहिती केंद्र असते. तिथली माणसे फोनवर विनामूल्य मार्गदर्शन करतात. शाळेला भेट देता आली तर शिक्षक काय सांगतात त्याहीपेक्षा वर्ग बदलताना बोळात काय होते ते पाहावे. घंटा वाजल्यावर गोंधळलेल्या मुलाजवळ कोणी जाते का, की सगळे त्याला ओरडूनच सांगतात? मुलाला अडवून धरण्याची किंवा खोलीत एकटे ठेवण्याची वेळ येते का, आली तर पालकांना त्याच दिवशी कळवतात का, हा प्रश्न अवघड वाटला तरी विचारावा. विम्याचीही चौकशी करावी. ऑटिझमच्या उपचारांसाठी सर्व राज्यांत विम्याचे कायदे आहेत, पण कंपनी स्वतःच्या पैशातून विमा चालवत असेल तर राज्याचा कायदा तिला लागू होत नाही, हे नोकरी स्वीकारण्याआधी कळलेले बरे.

घराच्या बाबतीतही आमची नजर वेगळी असावी लागते. आम्हाला एक घर फार आवडले होते. मागच्या गॅलरीतून तळे दिसत होते आणि त्या तळ्यासाठी किंमतही जास्त होती. माझा मुलगा त्या वयात कोणाला न सांगता घराबाहेर पडत असे आणि त्याला पाण्याची विलक्षण ओढ होती. ऑटिस्टिक मुलांच्या बाबतीत घरातून निघून जाणे आणि पाण्यात बुडणे हा फार मोठा धोका आहे. आम्ही दोघे त्या गॅलरीत पाच मिनिटे न बोलता उभे राहिलो आणि दलालाला नको म्हणून सांगितले. घर दाखवणाऱ्या आपल्या मराठी मित्राला हे कारण त्या दिवशी सांगता आले नाही. ‘स्वयंपाकघर लहान वाटले’ असे मी म्हणाले. आज मला त्या उत्तराचे वाईट वाटते, कारण त्यानंतर त्याने तेच घर कदाचित अशाच एखाद्या कुटुंबाला दाखवले असेल.

घरातल्या भाषेचा मुद्दाही गाव बदलण्याशी जोडलेला आहे. नव्या शाळेत गेल्यावर बऱ्याच पालकांना सल्ला मिळतो की मुलाशी घरी फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी त्याचा गोंधळ होईल. आम्हालाही मिळाला होता आणि आम्ही दीड वर्ष तो पाळला. त्या दीड वर्षात माझ्या सासूबाई फोनवर नातवाशी काय बोलावे या विवंचनेत गप्प बसू लागल्या. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाच्या भाषेचे नुकसान होते याला संशोधनाचा आधार नाही. आता तो आजीला दर रविवारी ‘आजी, आज काय केलंस जेवायला’ असे विचारतो, तेच वाक्य, त्याच सुरात, आणि त्या दर वेळी वेगळे उत्तर देतात. अशा मुलाला आपल्या मंडळाच्या मराठी शाळेत जागा असेल का, हेदेखील गाव निवडताना आम्ही विचारात घेतो. दोन ठिकाणी आम्हाला प्रेमाने, पण ठामपणे सांगण्यात आले की आमच्याकडे तशी सोय नाही.

‘आपल्या लोकांत असे फारसे नसते’ हे वाक्य मी मंडळाच्या कार्यक्रमांत अनेकदा ऐकले आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, पाहणीच्या भागांतील आठ वर्षांच्या मुलांमध्ये दर एकतीस मुलांमागे एकाला ऑटिझमचे निदान झाले आहे, आणि आशियाई व पॅसिफिक बेटांवरील वंशाच्या मुलांत हे प्रमाण हजारी अडतीस, म्हणजे गोऱ्या मुलांहून अधिक आहे. त्याच पाहणीत कॅलिफोर्नियातील एका ठिकाणी एकोणीस मुलांमागे एक आणि टेक्सासमधील एका ठिकाणी एकशे तीन मुलांमागे एक असे आकडे आहेत. मुले जागोजागी इतकी वेगळी जन्माला येत नसतील. त्यांना ओळखणारी व्यवस्था कुठे आहे आणि कुठे नाही, याचाच हा फरक मुख्यत्वे आहे असे मला वाटते. आपल्या तीनशे कुटुंबांच्या मंडळात अशी मुले किती असतील, याचा प्रत्येकाने मनाशी हिशेब करावा. ती मुले आहेत, फक्त ती गणपतीला येत नाहीत, किंवा आली तर बोळात असतात.

आपल्या सर्व मंडळांची शिखर संस्था असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ साली झाली, आणि आपल्या मंडळांनी या काळात पुष्कळ काही उभे केले आहे. मराठी शाळा आहेत, ज्येष्ठांसाठी ‘उत्तररंग’ आहे, दर दोन वर्षांनी अधिवेशन भरते. या सर्व कामाबद्दल मला आदर आहे आणि त्याच भरवशावर ही मागणी करीत आहे. प्रत्येक मंडळाने स्वेच्छेने पुढे येणाऱ्या पालकांची एक यादी ठेवावी, जिच्यात डिस्ट्रिक्ट, मुलाचा वयोगट आणि अडचणीचे स्वरूप एवढीच नोंद असेल, आणि नव्या कुटुंबाने विचारल्यास कार्यकारिणीतील एका जबाबदार व्यक्तीने दोघांची संमती घेऊन त्यांची गाठ घालून द्यावी. मुलांची नावे किंवा निदान कुठेही छापले जाऊ नये. ज्या राज्यात आपले मंडळ आहे तिथल्या मुदती, लेखी अर्जाचा मराठीत समजावलेला नमुना आणि पालक-माहिती केंद्राचा फोन क्रमांक असे एक पान नवीन सभासदाला स्वागताच्या कागदपत्रांबरोबर द्यावे. उत्सवाच्या ठिकाणी एक शांत खोली उघडी ठेवावी आणि ढोल-ताशा कधी सुरू होणार ती वेळ पत्रिकेत छापावी. अधिवेशनात या विषयाला एक सत्र मिळावे, आणि त्यात डॉक्टरांबरोबर पालकही व्यासपीठावर असावेत.

यासाठी निधी फारसा लागत नाही. लागतात ती पुढे येणारी माणसे, आणि आमच्यासारख्या पालकांनी नाव दिल्याशिवाय कार्यकारिणीला ती सापडणार नाहीत, याची मला जाणीव आहे. म्हणून माझ्या मंडळाच्या अध्यक्षांना मी काल फोन केला आणि मध्य न्यू जर्सीच्या यादीत प्राथमिक व मधल्या शाळेच्या वयोगटासाठी माझे नाव लिहून घ्यावे अशी विनंती केली. निळ्या हेडफोनच्या मुलाच्या आईनेही आपले नाव दिले आहे.

आपली नम्र,
दोन मुलांची आई
मध्य न्यू जर्सी